वस्तू गेली, नोंद उरली

एखादी वस्तू संपली असे नेमके केव्हा म्हणावे? प्रश्न वरकरणी भाबडा वाटतो. परंतु आपल्या नैयायिकांनी त्यापायी पुष्कळ बुद्धी वेचली आहे. अभावाचे त्यांनी चार प्रकार मानले आणि त्यांतील दोहोंची गाठ काळाशी बांधली. घट घडण्यापूर्वी त्याचा जो अभाव असतो तो प्रागभाव; त्याला आरंभ नाही, पण अंत आहे. घट फुटल्यावर जो अभाव येतो तो प्रध्वंसाभाव. त्याला आरंभ आहे, पण अंत नाही. फुटलेला घट कायमचा फुटला. कुंभाराने त्याच जागी दुसरा आणून ठेवला तरी तो दुसराच. येथवर वादाचे कारण नाही. अडचण आहे ती घटाची नव्हे, घटाकडे बोट दाखवून 'तो माझा घट' म्हणणाऱ्याची. घट फुटल्याची वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचलेली नाही. त्याचे बोट अजून त्याच जागेकडे आहे, आणि त्या जागी आता दुसऱ्या कोणाचे तरी भांडे मांडलेले आहे. तो तहानेने आला आणि ते भांडे उचलून पाणी प्याला, तर दोष कोणाचा?

तत्त्वज्ञांच्या बैठकीत हा प्रश्न सावकाश चघळता येतो. संगणकाच्या पोटात मात्र तो सेकंदाला हजारो वेळा उभा राहतो आणि दर वेळी सोडवावाच लागतो. त्यातही तो सर्वांत गुंतागुंतीचा होतो तो पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या यंत्राच्या बाबतीत. ऑपरेटिंग सिस्टिम आणि हे यंत्र यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारा जो प्रोग्रॅम असतो त्याला ग्राफिक्स ड्रायव्हर म्हणतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्स या सिस्टिमचे उदाहरण मी येथे घेतो, कारण तिचा सारा मजकूर उघडा आहे आणि तिच्या कर्त्यांचे वादविवादही चारचौघांत चालतात. एकट्या एएमडी कंपनीच्या कार्डांसाठीचा तिच्यातील ड्रायव्हर, यंत्राने तयार केलेल्या फाइली धरून, काही दशलक्ष ओळींचा आहे. दुभाष्या म्हटले तरी हा दरबारी दुभाष्या आहे. त्याचे दफ्तर मोठे.

हे दफ्तर म्हणजे मेमरीत ठेवलेल्या नोंदी. पडदा किती रुंद, कोणत्या प्रोग्रॅमने कोणते चित्र मागितले, कोणते काम यंत्राकडे दिले आणि कोणते परत आले, या सर्वांसाठी ड्रायव्हर सिस्टिमकडून मेमरीत जागा मागून घेतो. काम संपले की ती परत करायची. परत करायला विसरला तर जागा अडून राहते आणि कालांतराने संगणक दमतो. हा दोष आळशाचा. पण अवेळी, म्हणजे कोणी ती नोंद अजून वापरीत असतानाच परत केली, तर ती जागा तत्काळ दुसऱ्याला दिली जाते, आणि पहिला वापरणारा दुसऱ्याच्या नोंदी आपल्या समजून वाचू लागतो. किंबहुना त्यांवर लिहूही लागतो. हा दोष अविचारी माणसाचा, आणि तो कितीतरी अधिक घातक.

आपल्यातील फडणीस, चिटणीस, पोतनीस या घराण्यांचा अनुभव येथे आठवावा. होळकर आणि शिंदे यांची संस्थाने १९४८ मध्ये मध्यभारतात आली, बडोदे १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. फड उठले, पोत बंद झाली. आडनावाचे बोट मात्र त्या रिकाम्या जागेकडे अजून रोखलेले आहे. त्यात कोणाचे काही बिघडत नाही, कारण त्या पत्त्यावर खजिना घेऊन कोणी जात नाही. संगणक जातो. त्याला जुने नाव आणि जुना हुद्दा यांतील फरक कळत नाही. बोट ज्या पत्त्याकडे आहे तेथे जाऊन तो मुकाट्याने जे सापडेल ते उचलतो.

आणि हे जाणणारे चोर असतात. रिकाम्या झालेल्या जागेत आपल्याला हवा तसा मजकूर आधीच पेरून ठेवायचा, म्हणजे जुने बोट धरून आलेला ड्रायव्हर तो मजकूर हुकूम समजून पाळतो. आणि ड्रायव्हर हा राजवाड्याच्या आतला माणूस असल्यामुळे सारा वाडा हाती येतो. क्रोम ब्राउझरच्या कर्त्यांनी २०१५ पासूनच्या ९१२ गंभीर सुरक्षादोषांची छाननी करून २०२० मध्ये जाहीर केले की त्यांतील सुमारे ७० टक्के दोष मेमरीच्या गैरवापराचे होते, आणि त्यांतील निम्मे तर नेमके याच जातीचे, म्हणजे सोडून दिलेली जागा पुन्हा वापरण्याचे. ग्राफिक्सही याला अपवाद नाही. पुष्कळ मोबाइल फोनमध्ये असणाऱ्या माली या ग्राफिक्स यंत्राच्या ड्रायव्हरमध्ये मोकळ्या केलेल्या मेमरीपर्यंत पोहोचता येते, आणि त्या वाटेने निवडक लोकांवर हल्ले झाल्याची चिन्हे आहेत, असे आर्म कंपनीने ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वतःच सांगितले. म्हणजे 'वस्तू केव्हा संपली' या प्रश्नाचे चुकीचे उत्तर कोणाच्या तरी खिशातील फोन दुसऱ्याच्या ताब्यात देऊ शकते.

आता गुंता कोठे आहे ते पाहू. सभागृहात व्याख्याता आपला संगणक घेऊन येतो आणि यूएसबीची एक डबी मध्ये लावून प्रोजेक्टर जोडतो. ही डबी म्हणजे सिस्टिमच्या लेखी एक पूर्ण ग्राफिक्स यंत्र. कोणाचा तरी पाय वायरीत अडकतो आणि डबी निघून येते. यंत्र त्या क्षणी गेले. पण यंत्राचे आयुष्य हे अनेक आयुष्यांपैकी एक. ज्या प्रोग्रॅमने ते यंत्र उघडले होते त्याच्या हातात अजून त्याची उघडी फाइल आहे, आणि त्या फाइलीमागे यंत्राची सॉफ्टवेअरमधील नोंद आहे. चित्रांसाठी घेतलेली मेमरी तर याहून स्वतंत्र. २०१२ पासून लिनक्समध्ये अशी सोय आहे की एका यंत्राची चित्रमेमरी दुसऱ्या यंत्राला, एका प्रोग्रॅमची दुसऱ्या प्रोग्रॅमला उसनी देता येते. कॅमेऱ्याने भरलेली चौकट पडदा दाखवतो, तीच चित्रफीत बनवणारा भाग वाचतो. यंत्र, नोंद, चित्र आणि चित्र पुरे करून देण्याचे वचन, अशी ही चार आयुष्ये. ती एकाच दिवशी जन्मली असली तरी एकाच दिवशी मरत नाहीत.

अशा वेळी जुना आणि सरळ उपाय म्हणजे मोजदाद. नोंदीला किती जणांनी धरले आहे याचा आकडा नोंदीजवळच ठेवायचा. नवा धरणारा आला की एकाने वाढवायचा, सोडून गेला की एकाने घटवायचा. शून्य झाला की जागा मोकळी. जॉर्ज कॉलिन्स यांनी ही युक्ती १९६० मध्ये मांडली. त्याच वर्षी जॉन मॅकार्थी यांची दुसरी पद्धत प्रसिद्ध झाली, ज्यात अधूनमधून झाडूवाला सर्व दालनांतून फिरतो आणि ज्याच्यापर्यंत कोणीच पोहोचू शकत नाही ते केरात काढतो. ड्रायव्हरच्या जगात झाडूवाल्याची वाट पाहण्याइतकी सवड नसते. तेथे मोजदादच चालते.

पण मोजदाद माणसाने करायची म्हणजे माणूस चुकणार. ड्रायव्हर सुरू होताना वीस गोष्टी क्रमाने मिळवायच्या असतात. अठरावी मिळाली नाही तर आधीच्या सतरा परत करून माघार घ्यायची, आणि त्यांतील एखादी हमखास राहून जायची. यावर तेजुन हिओ यांनी २००७ मध्ये, लिनक्सच्या २.६.२१ या आवृत्तीत, एक व्यवस्था आणली. जे जे मिळवाल ते यंत्राच्या नावावर लिहून ठेवा. यंत्र आणि ड्रायव्हर यांचा संबंध तुटला की सिस्टिम स्वतःच ते सर्व उलट्या क्रमाने परत करील. विसराळू लोकांना हा वरच मिळाला. शेकडो ड्रायव्हर याने सुटसुटीत झाले, आणि ग्राफिक्सवाल्यांनीही तो दोन्ही हातांनी घेतला.

येथेच नैतिक प्रश्नाचे मूळ आहे, आणि त्याकडे थोडे थांबून पाहणे अवश्य आहे. त्या व्यवस्थेने गृहीत काय धरले? नोंद ही देहाची. देह गेला की नोंदही जावी. ज्या गोष्टी खरोखरच देहाच्या आहेत त्यांना हे लागूही पडते. यंत्राच्या अंगावरील रजिस्टरांपर्यंत जाणारी वाट, यंत्र जेथे हाक मारते ती घंटा, या यंत्राबरोबर गेल्याच पाहिजेत. नसलेल्या घराच्या दाराला कडी लावून काय उपयोग? परंतु ग्राफिक्स ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी त्याच वहीत पडद्याच्या, जोडणीच्या आणि मुख्य म्हणजे खुद्द यंत्राच्या सॉफ्टवेअरमधील नोंदीही लिहून टाकल्या. या नोंदी बाहेरच्या प्रोग्रॅमांना दिलेल्या होत्या. डबी निघाली की सिस्टिमने इमानेइतबारे त्या सर्व पुसल्या, आणि व्याख्यात्याच्या संगणकातील प्रोग्रॅम हातात कोरडे बोट घेऊन उभा राहिला.

डॅनियल फेटर यांनी २०२० मध्ये याच्यासाठी दुसरी वही उघडली; ती त्या वर्षी ऑगस्टमध्ये निघालेल्या ५.८ आवृत्तीत आली. या वहीतील नोंदी यंत्राच्या देहाशी नव्हे, तर शेवटच्या धरणाऱ्याच्या हाताशी बांधलेल्या आहेत. वायर केव्हाही निघो. ज्याने फाइल उघडली आहे त्याने ती मिटेपर्यंत नोंद राहील. देहाचे देहाच्या वहीत, नात्याचे नात्याच्या वहीत, असा तो सारा बदल. लिहिण्यात फरक एखाद्या अक्षराचा. पण त्या अक्षरामागे मालकीची एक निराळी कल्पना आहे.

जी वस्तू मी निर्माण केली ती मोडण्याचा हक्क माझा, ही कल्पना आपल्याला स्वाभाविक वाटते. मला ती अपुरी वाटते. ज्या क्षणी मी तिची मूठ दुसऱ्याच्या हाती दिली आणि 'घे, यावर विसंब' म्हटले, त्या क्षणी माझा मोडण्याचा हक्क एकट्याचा राहिला नाही. मी मेलो तरी तो विसंबलेला आहेच. विश्वस्तांचा कायदा हेच मानतो, आणि आपल्या श्राद्धविधीतही पिता, पितामह आणि प्रपितामह या तिघांनाच पिंड आहे. त्यापलीकडचा पूर्वज देहाने केव्हाच गेलेला असतो, पण त्याला वेगळा पिंड देणारा हात सुटेपर्यंत तो यादीत राहतो.

याच्याविरुद्ध एक आक्षेप व्यवहारी माणसे घेतात आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बहुतेक ग्राफिक्स यंत्रे संगणकाच्या पाटीवर डाखाने जोडलेली असतात. ती कोण उपटून काढणार? हजारांत एकदा घडणाऱ्या गोष्टीसाठी प्रत्येक ड्रायव्हरवर ही दुहेरी वहीची कटकट का लादावी? याचे एक उत्तर तांत्रिक आहे: यंत्र जागचे न हलवताही सिस्टिमचा प्रशासक एक आज्ञा देऊन ड्रायव्हरला त्यापासून अलग करू शकतो, आणि तेव्हा तेच सर्व घडते. दुसरे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते. यंत्र न हलण्याची खात्री ही ड्रायव्हर लिहिणाऱ्याची सोय आहे. विसंबणाऱ्याने ती खात्री कधी मागितलेली नाही, आणि ती मोडली तर नुकसान त्याचे होते. स्वतःच्या सोयीचा विमा दुसऱ्याच्या जिवावर उतरवणे न्याय्य नव्हे.

नोंद उरली, पण यंत्र नाही, अशा अवस्थेत ड्रायव्हरने वागावे कसे? प्रथम दाराची व्यवस्था. यंत्राला हात लावणारे प्रत्येक काम सुरू करण्यापूर्वी दारात विचारायचे, 'घर आहे ना?' आणि बाहेर पडताना सांगून जायचे. यंत्र गेल्याची खबर येताच दारावर पाटी फिरवली जाते. नवा कोणी आत जात नाही. पण जे आधीच आत शिरले आहेत त्यांना हाकलत नाहीत, ते बाहेर येईपर्यंत थांबतात आणि मगच पुढची आवराआवर होते. या थांबण्याला संगणकशास्त्रज्ञांनी सावकार हप्त्यासाठी जी सवलतीची मुदत देतो तिचाच शब्द वापरला आहे, याचे मला नेहमी कौतुक वाटते. संगणकशास्त्राचा शब्दसंग्रह एरवी इतका दयाळू नसतो.

त्यापुढचा प्रश्न सत्याचा आहे आणि तो मला सर्वांत कठीण वाटतो. यंत्र गेल्यावर प्रोग्रॅम म्हणतो, 'हे चित्र दाखव.' ड्रायव्हरने काय उत्तर द्यावे? लिनक्सचे नियम दोन्ही उत्तरांना मुभा देतात: 'यंत्र नाही' असे सांगावे, किंवा 'दाखवले' असे खोटेच सांगावे. होय, नियमांच्या दस्तऐवजात खोट्या यशाला अधिकृत जागा आहे. प्रोग्रॅम थेट मेमरीत लिहीत असेल तर तेथेही त्याला ठार करणारा संकेत पाठवायचा नाही. काही ड्रायव्हर नाहीशा झालेल्या जागी एक कोरे पान सरकवतात. लिहिणारा लिहीत राहतो. ते कोणी वाचत नाही.

याचे कारण तुच्छतेचे नाही. पडद्याची सर्व मांडणी सांभाळणारा जो मुख्य प्रोग्रॅम असतो तो कोसळला तर त्याच्यासोबत वापरणाऱ्याच्या बाकी सर्व खिडक्या जातात. प्रोजेक्टरची वायर निघाली म्हणून शेजारच्या खिडकीतील, अजून जतन न केलेला लेख नष्ट व्हावा, हे कोणाला पटेल? म्हणून खोटे.

कर्ता मुलगा परगावी गेला असता वारल्याचे अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला न सांगता 'त्याचे पत्र आले होते' म्हणणारी घरे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. ती घरे खोटारडी होती असे मी म्हणणार नाही. पण ती निर्दोष होती असेही म्हणवत नाही. म्हातारीने त्या खोट्या पत्राच्या भरवशावर घराची वाटणी ठरवली, तर ते दयेचे खोटे अन्यायाचे होते. माझ्या मते खोट्या यशाला तीन अटींवरच क्षमा आहे. खरी बातमी कोठेतरी, उघड दारी, मिळत असली पाहिजे. लिनक्समध्ये यंत्र गेल्याची दवंडी वेगळ्या वाटेने सर्वांसाठी पिटली जाते, आणि ज्याला ऐकायची आहे तो ऐकू शकतो. दुसरे, खऱ्या उत्तराने ऐकणाऱ्याचा काही लाभ होण्याजोगा नसावा. आणि तिसरे, त्या उत्तरावर दुसरा कोणताही निर्णय टेकलेला नसावा. दवाखान्यातील पडद्यावर रुग्णाच्या नाडीचा आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅमला 'दाखवले' असे खोटे सांगणे या तिसऱ्या अटीत बसत नाही; तेथे 'यंत्र नाही' हेच एक उत्तर, मग कोणी कोसळो. नियमांनी ही निवड ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या तारतम्यावर सोडली आहे. मला ती थोडी अधिक बांधलेली आवडली असती.

वचनाच्या बाबतीत मात्र नियम मुळीच ढिले नाहीत. एखादे काम यंत्राकडे दिले की ड्रायव्हर त्याबद्दल एक खूण जगाला देतो. तिला फेन्स म्हणतात. काम पुरे झाले की खूण उजळेल. तिच्यासाठी दुसरे प्रोग्रॅम, प्रसंगी दुसऱ्या यंत्रांचे ड्रायव्हरही, थांबून राहतात. अट अशी की एकदा दिलेली खूण परिमित काळात उजळलीच पाहिजे. यंत्र अडकले तर त्याला झटकून पुन्हा उभे करा. उपटले गेले तर 'काम झाले नाही' असा शेरा मारून खूण उजळा. पण तिला अनंतकाळ अंधारात ठेवू नका, कारण तिच्यापुढे उभा असलेला आशेने उभा आहे. येथे खोट्याला जागा नाही आणि मौनालाही नाही. काम पार पाडणे नेहमी आपल्या हाती नसते, पण 'होणार नाही' हे वेळेवर कळवणे असते.

धरणाऱ्यांचीही एक बाजू आहे. सर्व अधिकार त्यांना देऊन त्यांच्याकडून काहीच मागायचे नाही, हे बरोबर नाही. मोजदादीचा प्रसिद्ध दोष असा की दोन नोंदींनी एकमेकींना धरले तर दोघींचा आकडा कधीच शून्य होत नाही. बाहेरचे सारे जग त्यांना विसरले तरी त्या परस्परांच्या आधारे जागा अडवून बसतात. जुन्या संस्थांचे सभासद हे वर्णन ऐकून हसतील. इमारत टिकावी म्हणून मंडळ चालवायचे आणि मंडळ टिकावे म्हणून इमारत राखायची, हा प्रकार आपल्या गावांना अपरिचित नाही. ड्रायव्हर लिहिणारे यावर उपाय म्हणून दोन बाजूंपैकी एकीला मुद्दाम कच्ची पकड देतात: पाहता येईल, पण धरून ठेवता येणार नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये निघालेल्या ६.१ या आवृत्तीपासून लिनक्सच्या गाभ्यात रस्ट या भाषेला स्थान मिळाले आहे. तिच्या व्याकरणातच मालक आणि उसनवार घेणारा असा भेद आहे; उसने घेणाऱ्याचे आयुष्य मालकाच्या पलीकडे गेले तर तो प्रोग्रॅम तयारच होत नाही. पुष्कळांना वाटते की आता हा प्रश्न मिटला. मला तसे वाटत नाही. भाषेला मजकुरातले सर्व कळते. वायरीत पाय अडकणार आहे हे कळत नाही. म्हणून तिच्यातही लिनक्सवाल्यांना अशी पकड करावी लागली की जी दिल्यानंतरही परत घेता येते, आणि दर वेळी हात घालण्यापूर्वी ती अजून आपली आहे का हे विचारावे लागते. विचारण्याची सक्ती भाषा करते, हा मात्र खरा लाभ. पूर्वी ते लिहिणाऱ्याच्या शहाणपणावर होते.

आणि धरणारा कायमचाच धरून बसला तर? संगणकात हे होत नाही. प्रोग्रॅम मिटला किंवा कोसळला तरी सिस्टिम त्याच्या मुठी एकेक करून उघडते आणि त्याच्या सर्व फाइली मिटते. व्याख्याता शेवटी संगणक बंद करतो. शेवटची फाइल मिटते. आकडा शून्य होतो. डबी तोवर कोणाच्या तरी पिशवीत जाऊन पडलेली असते. मग दुसरी वही उघडली जाते आणि तिच्यातील नोंदी उलट्या क्रमाने पुसल्या जातात: जी शेवटी आली ती आधी, आणि जिच्यावर बाकी सर्व उभ्या होत्या ती यंत्राची पहिली नोंद सर्वांच्या मागून.